चॅप्लिन्स वर्ल्ड, व्हवे: आधी गृहपाठ, मग तिकीट

जिनिव्हा सरोवराच्या काठी व्हवे नावाचं छोटं शहर आहे आणि त्याच्या डोक्यावर, चढावर, कोर्सिए-सुर-व्हवे हे खेडं. इथल्या 'मानवार द बां' नावाच्या हवेलीत चार्ली चॅप्लिन जानेवारी 1953 मध्ये राहायला आला आणि 25 डिसेंबर 1977 ला तिथेच वारला. 2016 च्या एप्रिलमध्ये ही हवेली, तिच्याभोवतीची बाग आणि शेजारी नव्याने बांधलेली 'स्टुडिओ' नावाची इमारत मिळून 'चॅप्लिन्स वर्ल्ड' हे संग्रहालय सुरू झालं. पॅरिसच्या ग्रेव्हँ या मेणपुतळ्यांच्या संग्रहालयाचा यात हात आहे, त्यामुळे आत तीसेक मेणाची माणसं ठिकठिकाणी उभी-बसलेली भेटतात.

प्रौढांचं तिकीट 30 फ्रँकच्या आसपास, म्हणजे आपले तीन हजारांहून जास्तच रुपये धरून चाला. मग प्रश्न येतोच, पैसे वसूल होतात का? चॅप्लिनचे निदान चार-पाच सिनेमे नीट बघितलेले असतील तर होतात, आणि वर काही उरतं. 'तो काठीवाला, मिशीवाला' एवढीच ओळख असेल तर खाली सरोवराच्या काठावर त्याचा ब्राँझचा पुतळा फुकट आहे. तिथे फोटो काढा, आइस्क्रीम खा आणि पुढच्या गाडीने शेजारच्या माँत्रो गावाला जा. या जागेत माहितीचे फलक कमी आणि सिनेमांतले प्रसंग जास्त आहेत. प्रसंग ओळखीचा असेल तर ती खोली बोलते, नसेल तर ते नुसतं नेपथ्य राहतं.

तेव्हा गृहपाठ आधी करायचा, आणि त्यातच बहुतेकांची फसगत होते. चॅप्लिनच्या सुरुवातीच्या फिल्म्स यूट्यूबवर ढिगाने आहेत, पण बऱ्याचशा प्रती घासून गुळगुळीत झालेल्या, डोकी आणि पाय कापलेल्या, वर कुठलंतरी रॅगटाइम पियानो चिकटवलेल्या. त्यात वेगाचा घोळ असतो. त्या काळी कॅमेरा हाताने फिरवत, सेकंदाला साधारण 16 ते 20 चौकटी. तीच फिल्म बोलपटाच्या 24 चौकटींच्या वेगाने दाखवली की माणसं चावी दिलेल्या खेळण्यासारखी तुरुतुरु पळतात. मूकपट म्हणजे असंच असतं असा आपला समज त्यातून झाला आहे. खरं तर चॅप्लिन थोडी घाई मुद्दाम ठेवायचा, पण प्रमाणात, आणि ते प्रमाण बिघडलं की त्याच्या विनोदातला थांबा मरतो. मार खाण्याआधीचा अर्धा क्षण, टोपी उचलण्याआधीचा विचार, हेच तर त्याचं भांडवल. इटलीतल्या बोलोन्याच्या सिनेटेकाने, म्हणजे तिथल्या चित्रपट-संग्रहाने, या फिल्म्स डागडुजी करून पुन्हा उभ्या केल्या आहेत. शोधताना 'रिस्टोअर्ड' आणि बोलोन्याचं नाव दिसलं तर तीच प्रत निवडा.

सुरुवात 'किड ऑटो रेसेस अ‍ॅट व्हेनिस'ने करावी. फेब्रुवारी 1914 मधली ही सहा-सात मिनिटांची फिल्म. कॅलिफोर्नियातल्या व्हेनिसमध्ये पोरांच्या गाड्यांची शर्यत चालू आहे, कॅमेरावाला तिचं चित्रण करतोय आणि एक इसम सारखा कॅमेऱ्यासमोर येऊन उभा राहतोय. हाकलला की परत येतो. बाकी गोष्ट काहीच नाही. पण पडद्यावर लोकांना चॅप्लिनचा तो 'ट्रॅम्प', म्हणजे भटक्या, पहिल्यांदा दिसला तो इथे, आणि मागची गर्दी खरीखुरी आहे. 'हा कोण उपटसुंभ' असे त्यातल्या काहींचे चेहरे आहेत. कपड्यांचा हिशेबही इथेच बघून घ्यावा: कोट तंग, विजार ढगळ, टोपी लहान, बूट मोठे. एकातला एक नग दुसऱ्याशी जुळत नाही. मिशी वय वाढवण्यासाठी, पण एवढीशी, कारण मोठी ठेवली तर ओठांचे हावभाव झाकले जातात.

त्यानंतर 1916-17 मध्ये म्युच्युअल कंपनीसाठी केलेल्या बारा लघुपटांपैकी दोन: 'ईझी स्ट्रीट' आणि 'द इमिग्रंट'. प्रत्येकी पंचवीस मिनिटांच्या आतबाहेर. 'ईझी स्ट्रीट' चुकवू नका, कारण संग्रहालयाचा स्टुडिओ त्याच गल्लीपासून सुरू होतो. हा माणूस किती झपाट्याने चढला याचा अंदाजही इथेच येतो. डिसेंबर 1913 मध्ये कीस्टोन कंपनीत आठवड्याला 150 डॉलर, 1915 ला एसने कंपनीत 1,250 आणि 1916 ला म्युच्युअलमध्ये आठवड्याला 10,000 डॉलर, शिवाय 1,50,000 डॉलर बोनस. वय तेव्हा 26. सात वर्षांचा असताना आईबरोबर लंडनच्या लॅम्बेथ अनाथ-निराधारगृहात दाखल झालेलं हे पोर.

मोठ्या सिनेमांत 'द किड', 'द गोल्ड रश', 'सिटी लाइट्स', 'मॉडर्न टाइम्स' आणि 'द ग्रेट डिक्टेटर' एवढे पाच पुरे. वेळ उरला तर 'द सर्कस'. यातल्या दोघांच्या दोन-दोन आवृत्त्या फिरतात आणि त्यात गोंधळ होतो. 'द किड' मूळ 1921 चा. 1971 मध्ये चॅप्लिनने स्वतः तो कापून लहान केला आणि नवं संगीत दिलं. आता अधिकृतपणे मिळतो तो हाच, पाऊण तासाच्या थोडा वर. 'द गोल्ड रश' 1925 चा मूकपट. 1942 मध्ये त्याने मध्ये मध्ये येणाऱ्या मजकुराच्या पाट्या काढून टाकल्या, स्वतःच्या आवाजात निवेदन घातलं, शेवटचं चुंबनही कापलं आणि सिनेमा सव्वा तासाच्या आत आणला. घरात लहान मुलं असतील तर 1942 ची चालेल, वाचावं लागत नाही. तुम्हाला स्वतःला बघायचा असेल तर 1925 चाच घ्या. निवेदन चित्राच्या पुढे धावतं आणि जे डोळ्यांना दिसतंय तेच कानात सांगतं.

आणखी एक गोष्ट बघून जावी, ती म्हणजे 'अननोन चॅप्लिन' ही 1983 ची तीन भागांची ब्रिटिश माहितीपट-मालिका. केव्हिन ब्राउनलो आणि डेव्हिड गिल यांनी चॅप्लिनच्या कापून टाकलेल्या, न वापरलेल्या फिल्मच्या रिळांवरून तो काम कसा करायचा ते दाखवलं आहे. पटकथा नसायची. आधी सेट उभारायचा, माणसं उभी करायची आणि कॅमेरा चालू ठेवून विनोद शोधायचा. 'द इमिग्रंट' सुरू झाला तेव्हा त्यात स्थलांतरित नव्हतेच, नुसतं एक हॉटेल होतं. खिशात पैसे नसताना जेवायला बसलेला माणूस आणि बिल न देणाऱ्याला बडवून काढणारे वेटर. हे लोक मुळात आले कुठून, हा प्रश्न नंतर पडला आणि मग जहाजाचा अख्खा पहिला अर्धा भाग मागून जोडला गेला. संग्रहालयात सेट तयार होऊन उभे आहेत. त्यामागची ही खटपट सेटकडे बघून कळत नाही, ती घरूनच डोक्यात घेऊन जावी लागते.

आता प्रत्यक्ष जागा. लोझानहून रेल्वेने व्हवे पंधरा-वीस मिनिटांवर, माँत्रोहून दहा मिनिटांच्या आत, जिनिव्हाहून तासभर. स्टेशनजवळून 212 क्रमांकाची बस वर जाते आणि थांब्याचं नावच 'चॅप्लिन' आहे, त्यामुळे चुकायला वाव नाही. निघताना परतीच्या बसची वेळ थांब्यावर बघून ठेवा. संध्याकाळी आणि रविवारी त्या विरळ होतात. व्हवे-माँत्रो भागातल्या हॉटेलात मुक्काम असेल तर रिव्हिएरा कार्ड मागून घ्या, स्थानिक बस फुकट होते. उन्हाळ्यात सकाळी उघडताना पोचणं सगळ्यात बरं. अकरा-साडेअकरानंतर सहलींच्या बस येऊ लागतात.

आत गेल्यावर आधी स्टुडिओ की आधी हवेली? क्रम तुमच्या हातात असतो. आधी स्टुडिओच करावा. लंडनची गरिबी, हॉलिवुड, मोठे सिनेमे हा भाग स्टुडिओत आहे, आणि हवेली म्हणजे अमेरिकेने दार लावून घेतल्यानंतरची पंचवीस वर्षं. उलट केलं तर माणूस आधी श्रीमंत म्हातारा भेटतो आणि मग भटक्या, आणि सगळा रस उतरतो. फक्त स्टुडिओच्या दाराशी लांब रांग असेल तर हवेली आधी उरका. स्टुडिओत लोक तुकडीतुकडीने सोडतात आणि ती रांग ताटकळत ठेवते.

तुकडीने सोडण्याचं कारण असं की स्टुडिओ एका छोट्या चित्रपटगृहापासून सुरू होतो. चॅप्लिनच्या कारकिर्दीवरची सुमारे दहा मिनिटांची फिल्म दाखवतात आणि ती संपली की पडदा बाजूला होतो आणि मागे 'ईझी स्ट्रीट'ची गल्ली उभी असते. प्रेक्षकांनी उठून थेट पडद्यातून चालत जायचं. अख्ख्या संग्रहालयातली ही सगळ्यात हुशार कल्पना आहे आणि नेमकी हीच बहुतेकांच्या हातून वाया जाते, कारण शंभरएक माणसं एकदम त्या अरुंद गल्लीत घुसतात आणि समोर फक्त मोबाइल धरलेले हात दिसतात. यावर उपाय सोपा आहे. फिल्मला शेवटच्या रांगेत बसा, सगळ्यांना पुढे जाऊ द्या आणि तीन-चार मिनिटांनी उठा. गर्दी पुढच्या दालनांत पांगलेली असते आणि गल्ली तुमची असते.

तिथे दिव्याचा खांब आठवा. सिनेमात नवखा पोलीस झालेला चॅप्लिन आणि एरिक कॅम्पबेल हा धिप्पाड गुंड समोरासमोर येतात. दंडुका गुंडाच्या डोक्यावर पडतो आणि त्याला ढिम्म काही होत नाही. मग तो आपली ताकद दाखवायला रस्त्यावरचा गॅसचा दिवा वाकवतो, आणि चॅप्लिन त्याचं डोकं दिव्यात कोंबून वर गॅस सोडतो, दवाखान्यातला भूलतज्ज्ञ असावा तशी नाडी बघत. चित्रीकरणात हाच खांब चॅप्लिनच्या नाकावर पडला होता आणि काम खोळंबलं होतं. गल्ल्यांचा तो टी-आकाराचा तिठा, दोन्ही बाजूंच्या भिंती, खिडक्या, हे लंडनच्या केनिंग्टन-लॅम्बेथ भागातलं त्याचं बालपण आहे, कॅलिफोर्नियाच्या उन्हात उभारलेलं. बाप 1901 मध्ये दारूने गेला आणि आई हॅना वेड्यांच्या इस्पितळात आत-बाहेर करत राहिली. गल्लीतून फिरताना ही माहिती सोबत असेल तर भिंतींचा रंगही वेगळा वाटतो.

पुढच्या दालनांत सगळ्यात जास्त रेंगाळायचं ते 'मॉडर्न टाइम्स'च्या दातेरी चाकांपाशी आणि 'गोल्ड रश'च्या खोपटापाशी. चाकांत शिरून आडवं पडून फोटो काढता येतो, किंबहुना त्यासाठीच ती ठेवली आहेत. इथे मुलांची झुंबड असते, तेव्हा फोटो कोण काढणार हे रांगेत असतानाच ठरवा. खोपटाची फरशी कलते. सिनेमात ते कड्याच्या टोकावर अर्धं लटकलेलं असतं आणि आतली दोघं जिकडे सरकतील तिकडे झुकतं. बाहेरून दिसणारं खोपट म्हणजे लहानशी प्रतिकृती होती, आणि आतला सेट यंत्रावर बसवून खरोखर हलवला होता. गुडघे, स्पाँडिलायटिस किंवा चक्करेचा त्रास असणाऱ्यांनी बाहेरूनच बघावं. चपला-सँडलपेक्षा पकड असलेले बूट बरे. याच सिनेमात भुकेने तो बूट शिजवून खातो, खिळे कोंबडीच्या हाडांसारखे चोखतो, नाडी शेवयांसारखी काट्यावर गुंडाळतो. तो बूट ज्येष्ठमधाच्या काळ्या मिठाईचा केलेला होता.

'ग्रेट डिक्टेटर'चं न्हाव्याचं दुकानही आहे. खुर्चीत बसायच्या आधी त्या दाढीची आठवण करून घ्या: रेडिओवर ब्राम्सचं हंगेरियन नृत्य क्रमांक 5 लागतं आणि न्हावी वस्तरा, ब्रश, टॉवेल सगळं त्या सुरावर चालवतो. एकही फटका तालाबाहेर जात नाही आणि गिऱ्हाइकाचा जीव टांगणीला. मोबाइलवर ती धून लावून खुर्चीत बसणारे लोक दिसतात आणि ते अगदी बरोबर करतात.

'मॉडर्न टाइम्स'बद्दल आपल्याकडच्या वाचकाला एक धागा जोडता येतो. सप्टेंबर 1931 मध्ये गोलमेज परिषदेसाठी गांधीजी लंडनला होते तेव्हा पूर्व लंडनमधल्या कॅनिंग टाउनला डॉ. कटियाल यांच्या घरी चॅप्लिन त्यांना भेटला. गांधीजींनी त्याचा एकही सिनेमा बघितलेला नव्हता. चॅप्लिनने विचारलं ते यंत्रांबद्दलच, तुमचा यंत्रांना एवढा विरोध का म्हणून. पाच वर्षांनी पडद्यावर तो यंत्राच्या पोटात गेला. त्या भेटीनेच सिनेमा सुचला असं म्हणणं ओढूनताणून होईल, कारण डेट्रॉइटच्या मोटार कारखान्यांतल्या कामगारांची हकीकतही त्याच्या कानावर होती. पण यंत्रांचा प्रश्न तेव्हा त्याच्या डोक्यात घोळत होता एवढं नक्की.

'सिटी लाइट्स'साठी थोडा वेळ राखून ठेवा, डोक्यात तरी. त्यातली फुलं विकणारी आंधळी मुलगी भटक्याला श्रीमंत माणूस समजते. मूकपटात, एकही शब्द न बोलता, हा गैरसमज कसा दाखवायचा? यावर चॅप्लिन अडकला. व्हर्जिनिया चेरिलबरोबर हा एक प्रसंग त्याने पुन्हा पुन्हा घेतला, 342 वेळा असा आकडा सांगतात. मध्येच तिला काढून टाकलं आणि नंतर परत बोलावलं. शेवटी उत्तर सापडलं ते मोटारीच्या दारात. रहदारी तुंबली आहे, पोलिसाला चुकवायला भटक्या उभ्या असलेल्या एका आलिशान गाडीच्या एका दारातून शिरतो आणि दुसऱ्या दारातून फुटपाथवर उतरतो. दार धाडकन लागतं. मुलीला ऐकू येतं ते एवढंच, आणि ती फूल पुढे करते. मग गाडीचा खरा मालक येऊन बसतो, गाडी निघून जाते, आणि तिला वाटतं की सुटे पैसे न घेताच शेठ गेले. मूकपटातला सगळ्यात महत्त्वाचा क्षण आवाजावर उभा आहे! हे असलं काही संग्रहालयाच्या फलकावर मावत नाही.

स्टुडिओच्या काचेच्या कपाटात टोपी आणि काठी ठेवलेली आहे. लोक तिथे गप्प होतात. काम करताना अशा टोप्या-काठ्या बऱ्याच वापरल्या गेल्या, त्यामुळे 'हीच ती' असं म्हणण्यात फार अर्थ नाही.

हवेली ही 1840 च्या सुमाराची, पांढरी, खांबांची, आणि बाहेरून वाटते त्यापेक्षा आतून घरगुती. सप्टेंबर 1952 मध्ये 'लाइमलाइट'च्या प्रदर्शनासाठी चॅप्लिन कुटुंबासह जहाजाने इंग्लंडला निघाला आणि तो वाटेत असतानाच अमेरिकेने त्याचा परतीचा परवाना रद्द केला. चाळीस वर्षं तिथे काढूनही त्याने नागरिकत्व घेतलेलं नव्हतं, आणि कम्युनिस्ट असल्याचा संशय, खासगी आयुष्यातले खटले हे सगळं त्याच्या मागे होतं. पैसा अमेरिकेत अडकला. तो सोडवून आणला बायकोने, ऊनाने. नाटककार यूजीन ओनीलची ही मुलगी लग्नाच्या वेळी 18 ची, चॅप्लिन 54 चा, आणि हा त्याचा चौथा संसार. सगळ्यांनी नाकं मुरडली, पण हाच टिकला. आठ मुलं झाली, त्यांतली चार इथे आल्यावर.

खाली दिवाणखाना, ग्रंथालय, जेवणघर. सामान मांडलेलं आहे ते संग्रहालयासारखं नाही, घरासारखं, आणि भिंतींवर कुटुंबाचे फोटो, पडद्यांवर त्यांनी घरच्या कॅमेऱ्याने टिपलेल्या फिल्म्स. त्या घरगुती फिल्म्स उभं राहून पूर्ण बघा. सत्तरीतला माणूस बागेत पोरांसाठी पडतो, धडपडतो, चालता चालता पाय वाकडा करतो, आणि कळतं की हे सगळं अंगात मुरलेलं होतं. दरवर्षी क्नी सर्कस व्हवेला आली की सगळं कुटुंब तिथे हजर असायचं. जवळच्या नेमबाजीच्या मैदानाच्या आवाजाने मात्र तो वैतागलेला असायचा आणि त्यावरून गावाशी त्याचं वाजलं होतं.

पियानो दिसला की थांबा. लोक समजतात की इथे येऊन तो निवृत्त झाला. 1957 आणि 1967 मध्ये आणखी दोन सिनेमे आले, 1964 ला आत्मचरित्र आलं, आणि त्याहून मोठं काम म्हणजे जुन्या मूकपटांना एकेक करून संगीत देणं. त्याला स्वरलिपी लिहिता-वाचता येत नव्हती. तो गुणगुणायचा, पियानोवर बोटांनी शोधायचा आणि शेजारी बसलेला जाणकार ते कागदावर उतरवायचा. 'द सर्कस'च्या नव्या प्रतीवरचं सुरुवातीचं गाणं त्याने स्वतः गायलं आहे, वयाच्या ऐंशीच्या आसपास. 1976 मध्ये 'अ वुमन ऑफ पॅरिस'चं संगीत केलं ते त्याचं शेवटचं काम. आज हे मूकपट बघताना जे कानाला लागतं त्यातलं बरंचसं या काळातलं आहे.

हवेलीत एक गोष्ट खटकते, ती म्हणजे मेणाच्या पाहुण्यांची गर्दी. आइनस्टाइन थेट न्हाणीघरात आहे. 1931 मध्ये 'सिटी लाइट्स'च्या पहिल्या खेळाला तो चॅप्लिनबरोबर होता हे खरं, पण न्हाणीघरात का, हे तो करणाराच जाणे. मायकेल जॅक्सन चाहता म्हणून आहे. मुलं हसतात, फोटो निघतात, पण घराचा तोल जातो. पुतळ्यांचं कामही सारखं नाही. तरुण भटक्या जमला आहे, बाकी काहींचे चेहरे दुरून ओळखू येतात आणि जवळ गेल्यावर अनोळखी होतात. एकूण स्वर कौतुकाचा आहे, कुटुंबाच्या संमतीने उभं राहिलेलं हे ठिकाण आहे, तेव्हा पहिल्या दोन लग्नांतल्या अल्पवयीन नवऱ्या, कोर्टकचेऱ्या याबद्दल इथे खोलात जाणं होईल अशी अपेक्षा ठेवू नये. ते चरित्रांत वाचावं.

फलक फ्रेंच, इंग्रजी आणि जर्मनमध्ये आहेत. इंग्रजी न वाचणाऱ्या आई-वडिलांना, सासू-सासऱ्यांना नेता येईल का? उलट त्यांनाच जास्त मजा येते, कारण दालनांत चालू असलेल्या तुकड्यांना भाषा लागत नाही, आणि दूरदर्शनवर हे बघितलेली हीच पिढी आहे. जिने आहेत तशी लिफ्टही आहे, पण उभं राहणं बरंच होतं. स्टुडिओला दीड तास, हवेलीला तासभर, बागेला अर्धा, म्हणजे तीन तास हाताशी ठेवा. 'दीड तासात आटपू' म्हणणारे गाइड असतात, त्यांच्या घाईत हवेली धावत होते.

आवारातल्या 'द ट्रॅम्प' या खानावळीत कॉफी-केक ठीक, जेवण स्विस भावाने. शाकाहाऱ्यांनी पोट भरण्याची भिस्त त्यावर ठेवू नये. खाली व्हवेत मिग्रो आणि कोऑप ही सुपरमार्केटं आहेत, तिथून ब्रेड, चीज, फळं घेऊन सरोवराकाठच्या बाकांवर बसावं. चॅप्लिनचा पुतळा तिथेच, जॉन डबलडे या इंग्रज शिल्पकाराचा, हातात फूल घेतलेला, आणि समोर पाण्यात रोवलेला, काट्या-चमच्यातला असतो तसा, भलामोठा काटा. सरोवराकाठून धावणारी 201 क्रमांकाची बस पुढे शियों किल्ल्यापर्यंत नेते, त्यामुळे एका दिवसात दोन्ही होतं.

कोर्सिएची दफनभूमी संग्रहालयापासून पायी पंधरा-वीस मिनिटांवर आहे आणि बहुतेक सहली ती वगळतात. चार्ली आणि ऊना शेजारी शेजारी आहेत, थडगी अगदी साधी. मार्च 1978 मध्ये खंडणीसाठी त्याची शवपेटी चोरांनी उकरून नेली होती. मे महिन्यात ती नोव्हिल गावच्या शेतात सापडली आणि पुन्हा पुरताना वर काँक्रीट ओतलं. तो जिवंत असता तर यावर दोन रिळांचा सिनेमा झाला असता. त्याच आवारात नट जेम्स मेसनचं थडगं आहे.

तारीख निवडता येत असेल तर 16 एप्रिल, त्याच्या वाढदिवसाच्या आसपास इथे काहीतरी कार्यक्रम असतो. आणि हो, त्या दिवशी व्हवेला जाणं जमत नसेल तर आपल्या शेजारच्या कच्छमध्ये आदिपूरला जा. तिथे दरवर्षी टोपी-काठी-मिशीतल्या चार्ल्यांची मिरवणूक निघते, पोरं, बाया, म्हातारे सगळे. तिकीट नाही.

शेवटी दुकान. टोप्या, काठ्या, मग, पोस्टर सगळं आहे आणि महाग आहे. टोपी घ्यायची तर डोक्यावर घालून बघून घ्या, मापाला लहान निघतात. ब्लू-रे किंवा डीव्हीडी घेण्याआधी मात्र डबीच्या मागचं चिन्ह बघा. चकती जगाच्या कुठल्या भागातल्या प्लेअरवर लागेल हे ते चिन्ह, म्हणजे 'रीजन', सांगतं. युरोपातल्या ब्लू-रेवर रीजन 'बी' असू शकतो आणि भारत 'सी' मध्ये येतो. डीव्हीडीला युरोप 2, भारत 5. घरचा प्लेअर सर्व-रीजन नसेल तर दीड-दोन हजारांची चकती मुंबईत पोचल्यावर लागतच नाही, आणि ती परत करायला कोणी व्हवेला जात नाही. रीजनची खूण नसलेली किंवा 'ऑल' लिहिलेली चकती असेल तरच पैसे मोजा, नाहीतर पोस्टकार्डं घ्या.